प्रकल्पाच्या दाराला रोस्टर का नाही?

विद्यापीठातल्या भरतीवर आंबेडकरी चळवळ वर्षानुवर्षे भांडत आली आहे. रोस्टर, बॅकलॉग, शिष्यवृत्ती, वसतिगृह, प्रत्येक प्रश्नावर मोर्चे निघाले, उपोषणे झाली. मात्र त्याच विद्यापीठात बाहेरून येणाऱ्या संशोधन निधीचा हिशेब कुणी मागत नाही. डीएसटी, आयसीएमआर, आयसीएसएसआर, एखादे मंत्रालय, एखादी कंपनी, एखादा ट्रस्ट, अशा कुठून तरी प्राध्यापकाला प्रकल्प मिळतो. 'अमुक विभागाला इतक्या कोटींचा प्रकल्प' अशी बातमी येते. कुलगुरू पुष्पगुच्छ देतात. पण त्या पैशातून नेमली गेलेली माणसे कोण, विषय कुणी ठरवला, माहिती कुणाकडून गोळा झाली आणि अहवालावर नाव कुणाचे छापले, हे विचारले की उत्तर ठरलेले असते : "हा विद्यापीठाचा पैसा नाही, प्रकल्पाचा पैसा आहे."

आमचे म्हणणे सरळ आहे. हा पैसा विद्यापीठाच्या नावावर येतो आणि विद्यापीठाच्या जिवावर चालतो. म्हणून विद्यापीठाला जे संविधान लागू आहे, तेच या पैशालाही लागू झाले पाहिजे. ते आज लागू नाही. कायम भरतीचे दार आपण लढून उघडले, तर शेजारी प्रकल्पाचे दुसरे दार तयार झाले आणि त्या दाराला रोस्टर नाही.

पैसा बाहेरचा, पण घर कुणाचे?

प्रकल्प मिळवणाऱ्या प्राध्यापकाचा पगार कोण देतो? सातव्या वेतन आयोगाप्रमाणे तो शासनाच्या तिजोरीतून होतो. जमीन, प्रयोगशाळेची इमारत, वीज, पाणी, ग्रंथालय, बिले तपासणारा लेखा विभाग, सगळे सार्वजनिक. विद्यापीठाचे लेटरहेड बाजूला ठेवा आणि त्याच प्राध्यापकाला तोच प्रकल्प स्वतःच्या घरच्या पत्त्यावर मागू द्या. किती पैसे मिळतात ते बघू. बाहेरचा एक रुपया आत येतो तो आतल्या कित्येक रुपयांच्या खांद्यावर बसून येतो.

आणि ज्याला 'बाहेरचा' म्हणतात, त्यातला मोठा भाग तरी बाहेरचा कुठे आहे? डीएसटी हे केंद्र सरकारचे खाते आहे, आयसीएमआर आणि आयसीएसएसआर या केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या परिषदा आहेत. साबणाच्या वडीपासून मोबाईलच्या रिचार्जपर्यंत प्रत्येक गोष्टीवर कर भरणाऱ्या माणसाचा हा पैसा. ऊसतोडीला जाणारी बाई तो भरते, गटारात उतरणारा कामगार तो भरतो. त्यांच्या लेकरांना त्यातून काय मिळते, एवढाच आमचा प्रश्न आहे.

प्रश्न नवा नाही. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी महात्मा जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाला निवेदन दिले. महसूल रयतेच्या घामातून गोळा होतो आणि शिक्षणावरचा सरकारी खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो, हे त्यांनी त्यात सरकारच्या तोंडावर सांगितले. १४० वर्षे उलटली. तेव्हा हायस्कूल आणि कॉलेजची ग्रँट होती, आता संशोधनाची आहे. घाम त्यांचाच आणि पदरही तेच.

तेरा बिंदू गेले, एक बिंदू आला

२०१७ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने आरक्षणासाठी विद्यापीठाऐवजी विभाग हे एकक मानले. ५ मार्च २०१८ रोजी यूजीसीने तसे परिपत्रक काढले. २०० बिंदूंच्या रोस्टरच्या जागी १३ बिंदूंचे रोस्टर आले. गणित साधे होते. विभागातली चौथी जागा ओबीसीची, सातवी एससीची, चौदावी एसटीची. ज्या विभागात मुळातच चार-पाच जागा, तिथे एससीची पाळी कधी येणार आणि एसटीची कुठल्या जन्मात? देशभर लोक रस्त्यावर उतरले. ५ मार्च २०१९ ला भारत बंद झाला. दोन दिवसांत सरकारला अध्यादेश काढावा लागला आणि पुढे जुलैमध्ये कायदा झाला. केंद्रीय शैक्षणिक संस्थांत शिक्षकभरतीसाठी पुन्हा संपूर्ण संस्था हे एकक ठरले.

आता प्रकल्पांच्या जाहिराती वाचा. 'जेआरएफ, पद एक.' 'प्रकल्प सहायक, पद एक.' 'रिसर्च असोसिएट, पद एक.' एकाकी पदाला आरक्षण लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ च्या पीजीआय चंडीगढ प्रकरणात सांगून ठेवलेच आहे. त्याचा व्यवहारात अर्थ काय होतो? समजा, एका विद्यापीठात पन्नास प्रकल्प चालू आहेत आणि प्रत्येकात एक जेआरएफ आहे. पन्नास जागा झाल्या. त्या एकत्र मोजल्या तर एससी, एसटी, ओबीसींच्या कितीतरी जागा निघतील. पण प्रत्येक प्रकल्प वेगळा धरला की पन्नास वेळा 'पद एक' आणि आरक्षण शून्य. विभागाला एकक मानणे हा अन्याय होता, तर प्रकल्पाला एकक मानणे हा त्याहून बारीक कापलेला अन्याय आहे. तेरा बिंदूंचे रोस्टर आपण हाणून पाडले. हे एका बिंदूचे रोस्टर बिनबोभाट चालू आहे.

"पण ही पदे तात्पुरती असतात." हो, असतात. केंद्र सरकारचा स्वतःच्या खात्यांसाठीचा नियमच असा आहे की ४५ दिवस किंवा त्याहून जास्त काळाच्या तात्पुरत्या नेमणुकीलाही आरक्षण द्यायचे. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याची पुन्हा आठवण करून देणारे परिपत्रक निघाले. मंत्रालयातल्या दोन महिन्यांच्या कंत्राटी कारकुनाला जे तत्त्व लागू होते, ते तीन वर्षांच्या संशोधन सहायकाला का नको?

आणि हे पद म्हणजे तीन वर्षांचा नुसता पगार नव्हे. जानेवारी २०२३ पासून केंद्रीय प्रकल्पांतल्या जेआरएफला महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडे मिळते, हे खरे. पण त्याबरोबर पीएच.डी.ची नोंदणी, प्रयोगशाळेची किल्ली, शोधनिबंधावर नाव, परिषदेचा प्रवास आणि मोठ्या माणसाचे शिफारसपत्र मिळते. आजचा प्रकल्प सहायक उद्याचा सहायक प्राध्यापक असतो. चार वर्षांनी कायम जागेची जाहिरात निघते, आपला उमेदवार मुलाखतीला जातो आणि समिती विचारते, "प्रकाशने किती? प्रकल्पाचा अनुभव?" मग राखीव जागेपुढे शेरा पडतो : योग्य उमेदवार मिळाला नाही. योग्य उमेदवार घडतो कुठे, ते दार आधीच बंद ठेवायचे आणि नंतर योग्य कुणी सापडत नाही म्हणून हळहळायचे!

ज्या २०१९ च्या कायद्याने विभागवार रोस्टर रद्द केले, त्याच कायद्याच्या अनुसूचीत काही संस्थांना शिक्षकभरतीतल्या आरक्षणातून सूट दिली आहे. मुंबईची टीआयएफआर त्यात आहे, होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूट त्यात आहे. जिथे संशोधनाचा पैसा मोठा, तिथे आरक्षणाला माफी. ही सूट योगायोगाने पडलेली नाही.

श्रेणीबद्ध विषमतेचा नवा नकाशा

२०२३ मध्ये अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा, म्हणजे एएनआरएफचा कायदा झाला. तो आणताना सरकारच्या बाजूनेच एक आकडा पुढे आला. तोवर संशोधनाला पैसा देणाऱ्या एसईआरबीच्या निधीपैकी सुमारे ६५ टक्के आयआयटींकडे जात होता आणि राज्य विद्यापीठांकडे सुमारे ११ टक्के. या देशातली बहुसंख्य पोरे शिकतात राज्य विद्यापीठांत आणि त्यांच्या संलग्न महाविद्यालयांत. नांदेड, गडचिरोली, जळगावची पोरे तिथेच शिकतात. आपली पोरे तिथेच आहेत.

ही दरी आपोआप पडत नाही, ती नियमांनी पाडली जाते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत प्राध्यापकाच्या पूर्ण झालेल्या प्रकल्पाला गुण कसे आहेत ते बघा. दहा लाखांवरचा प्रकल्प असेल तर १० गुण, दहा लाखांखालचा असेल तर ५. प्रकल्पाने काय शोधले, कुणाच्या कामी आले, याचा प्रश्नच नाही. नऊ लाखांत मराठवाड्यातल्या भूमिहीन मातंग कुटुंबांचा अभ्यास करणारा प्राध्यापक अर्धा आणि यंत्रासाठी पन्नास लाख आणणारा पूर्ण. एनआयआरएफच्या क्रमवारीतही बाहेरून आणलेल्या निधीला गुण आहेत. म्हणजे पैसा असेल तर क्रमांक वर जातो आणि क्रमांक वर असेल तर पैसा येतो.

एएनआरएफच्या 'पेअर' योजनेत हेच आता अधिकृत झाले. क्रमवारीत वरच्या संस्था 'हब' आणि खालच्या संस्था 'स्पोक'. वरच्याने हात धरायचा, खालच्याने धरून चालायचे. खालच्यांना काहीतरी मिळेल, हे आम्ही नाकारत नाही. पण ज्याला डॉ. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ती ओळखायला आम्हाला समाजशास्त्राची पदवी लागली नसती. कुणी वर, कुणी खाली, आणि खालच्याला जे मिळेल ते वरच्याच्या हातून.

जो पैसा देतो तो प्रश्न ठरवतो

एएनआरएफसाठी पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये जाहीर झाले. त्यातले सरकारचे १४,००० कोटी. उरलेले ३६,००० कोटी उद्योग, सार्वजनिक कंपन्या आणि दाते यांच्याकडून यावेत अशी अपेक्षा. देश संशोधनावर जीडीपीच्या जेमतेम ०.६४ टक्के खर्च करतो आणि सरकार वाढीचा भार स्वतः उचलण्याऐवजी भांडवलदाराकडे बोट दाखवते. याच कायद्यात सामाजिक शास्त्रांना जागा किती? विज्ञान-तंत्रज्ञानाशी त्यांचा जिथे संबंध येतो तेवढीच. सीएसआरचेही तेच. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे सार्वजनिक विद्यापीठाला संशोधनासाठी सीएसआरचा पैसा देता येतो, पण विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि वैद्यक यांच्यासाठी. जातीवर संशोधन करायला त्या कलमात जागा नाही.

२००७ साली सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा एक अभ्यास इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकलीत आला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त आडनावात. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावापेक्षा कमी निघाली. 'खासगी क्षेत्रात जात नाही' या थापेला त्या अभ्यासाने उघडे पाडले. आता सांगा, कोणती कंपनी असा अभ्यास स्वतःच्या पैशाने करवून घेईल? सेप्टिक टँकमधल्या मृत्यूंना कोणता ठेकेदार जबाबदार, ऊसतोड बायांची गर्भाशये का काढली जातात, अ‍ॅट्रॉसिटीचे खटले कुठल्या टप्प्यावर मारले जातात, या प्रश्नांना बाजारात गिऱ्हाईक नाही. हे प्रश्न सार्वजनिक पैशानेच विचारले जातील. म्हणून सार्वजनिक पैसा आटवणे म्हणजे हे प्रश्न आटवणे.

वस्ती कुणाचा नमुना?

आम्ही वस्तीत काम करतो, म्हणून प्रकल्पाची दुसरी बाजू रोज बघतो. प्रश्नावली घेऊन माणसे येतात. घरात किती माणसे, संडास आहे का, नवरा दारू पितो का, कर्ज किती. बाई हातातले काम टाकून तासभर उत्तरे देते. बरोबर वाट दाखवायला वस्तीतलाच एम.ए., एम.एस.डब्ल्यू. झालेला पोरगा असतो. त्याला फॉर्ममागे पैसे. भाषा त्याची, ओळख त्याची, ज्याच्या भरवशावर बाई बोलली तो भरवसा त्याचा. अहवाल इंग्रजीत निघतो. प्रमुख संशोधकाचे नाव मुखपृष्ठावर आणि त्या पोराचे नाव झाले तर आभारात, 'क्षेत्र अन्वेषकांचे आभार' एवढ्या तीन शब्दांत. अहवालाची प्रत वस्तीत परत येत नाही.

शिवारात राबणारा एक आणि धान्य मोजून नेणारा दुसरा, ही रीत आपल्या बापजाद्यांनी पाहिली आहे. ज्ञानाच्या शिवारातही तीच रीत चालली आहे. आमचे दुःख हा त्यांचा डेटा होतो, डेटाचा निबंध होतो, निबंधाची बढती होते. आमचा संशोधनाला विरोध नाही. आमच्यावर संशोधन होते पण आमच्याकडून होऊ दिले जात नाही, याला आमचा विरोध आहे.

देणाऱ्याने हात आखडला की

परक्या निधीवर उभे राहणे किती भुसभुशीत असते, ते जून २०२४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत दिसले. यूजीसीच्या अनुदानावर चालणारे हे अभिमत विद्यापीठ. तिथल्या शंभराहून अधिक कर्मचाऱ्यांना, त्यात सुमारे ५५ शिक्षक, टाटा एज्युकेशन ट्रस्टचे अनुदान संपल्याने सेवा समाप्तीच्या नोटिसा दिल्या गेल्या. काहींची दहा वर्षांहून जास्त सेवा झालेली. बोभाटा झाला, ट्रस्टने निधीचे आश्वासन दिले आणि दोन दिवसांत नोटिसा मागे घेतल्या. नोकऱ्या वाचल्या, चांगलेच झाले. पण धडा काय? दहा वर्षे शिकवणारा माणूससुद्धा कागदावर 'प्रकल्पाचा' राहतो आणि त्याचे भवितव्य एका ट्रस्टच्या पत्रावर ठरते. अशा माणसाने प्रशासनाविरुद्ध, देणगीदाराविरुद्ध किंवा जातीविरुद्ध तोंड उघडावे, अशी अपेक्षा कशी करायची?

राज्य विद्यापीठांत तर कायम जागा रिकाम्या ठेवून तासिका तत्त्वावर गाडा हाकला जातो. कायम जागा म्हणजे रोस्टर. म्हणून कायम जागा नको, प्रकल्प चालेल. हे आम्ही खर्चाच्या काटकसरीचे धोरण मानत नाही. ही आरक्षणाला दिलेली बगल आहे.

बाबासाहेबही शिष्यवृत्तीवरच शिकले ना?

हा प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. हो, शिकले. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी त्यांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी. बदल्यात बडोदा संस्थानात दहा वर्षे नोकरीचा करार होता. पण संशोधनाचा निष्कर्ष काय काढायचा, हे त्या करारात नव्हते. म्हणूनच ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेची चिरफाड करणारा प्रबंध ते लिहू शकले आणि तो ग्रंथ त्यांनी कृतज्ञतेने सयाजीरावांना अर्पण केला. दात्याचा मान राखूनही ज्ञान स्वतंत्र राहू शकते, याचा हा पुरावा आहे. दुसरी बाजूही विसरू नका. मुदत संपली तशी १९१७ मध्ये बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. एका राजाच्या मर्जीवर एक माणूस शिकतो, पण समाज शिकत नाही. म्हणूनच १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या आणि परदेशी शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून पैसा मागितला. मर्जीचे हक्कात रूपांतर कसे करायचे, ते त्यांनी आपल्याला करून दाखवले.

"गुणवत्तेचे काय?" हाही प्रश्न येणार. गुणवत्तेची एवढी काळजी असेल तर प्रमुख संशोधकाच्या ओळखीतल्या विद्यार्थ्याला आठ दिवसांच्या नोटिशीवर वॉक-इनमध्ये निवडणे बंद करा. खुली जाहिरात, लेखी निकष आणि बाहेरचा परीक्षक आणा. रोस्टर आले म्हणजे निवडीला कागद आणि हिशेब येतो. गुणवत्तेला त्याची भीती वाटण्याचे कारण नाही. भीती वशिल्याला वाटते.

आमच्या मागण्या

एक. विद्यापीठातली सर्व प्रकल्पपदे एकत्र मोजून संपूर्ण विद्यापीठासाठी एकच रोस्टर लावा. निधी देणारा कोणीही असो.

दोन. प्रत्येक प्रकल्पाचा निधी, देणारी संस्था, कालावधी, अटी आणि नेमलेल्या पदांचा प्रवर्गनिहाय तपशील दरवर्षी संकेतस्थळावर टाका. अधिसभेत त्यावर चर्चा होऊ द्या.

तीन. प्रकल्पांमागे विद्यापीठाला जो ओव्हरहेड मिळतो, त्यातला ठरावीक हिस्सा एससी, एसटी, भटके-विमुक्त आणि ओबीसी संशोधकांच्या पहिल्या प्रकल्पासाठी राखून ठेवा.

चार. वस्तीत माहिती गोळा करणाऱ्याला ठरलेले वेतन द्या, अहवालावर त्याचे नाव घाला आणि अहवाल मराठीत वस्तीपुढे ठेवा.

पाच. जात, श्रम आणि अत्याचार यांवरच्या संशोधनाला सार्वजनिक निधी द्या आणि रिकाम्या कायम जागा भरा.

आपापल्या विद्यापीठात आजच माहिती अधिकाराचा अर्ज टाका. गेल्या पाच वर्षांत किती प्रकल्प आले, किती पदे भरली, कोणत्या प्रवर्गातून? 'माहिती उपलब्ध नाही' असे उत्तर आले तरी तो कागद जपून ठेवा आणि त्यावर अपील करा. अधिसभेतल्या आपल्या प्रतिनिधीला तो नेऊन द्या, विद्यार्थी संघटनेच्या बैठकीत वाचून दाखवा. विद्यापीठाच्या नावासाठी सोळा वर्षे लढलेला हा समाज आहे. नाव मिळाले ते १४ जानेवारी १९९४ ला. त्या नावाखाली येणाऱ्या प्रत्येक रुपयाचा हिशेब मागण्याचा हक्कही त्याच लढ्याने आपल्याला दिला आहे.

जय भीम!